मार्ग कोठे वाढवावा? : पुणे शहराच्या सार्वजनिक वाहतुकीविषयी एक विचार

पुण्याच्या जुन्या रहिवाशांच्या बोलण्यात ‘गावात जाणे’ असा एक प्रयोग आढळतो. कोथरूड, सहकारनगर किंवा औंध येथे राहणारा गृहस्थ लक्ष्मी रस्त्यावर खरेदीसाठी निघाला की ‘जरा गावात जाऊन येतो’ असे घरी सांगतो. हडपसर किंवा पिंपरीकडील मनुष्य त्याच अर्थाने ‘पुण्यात चाललो’ असे म्हणतो. वस्तुतः पहिला पुणे महानगरपालिकेच्या हद्दीतच राहतो, आणि हडपसरही आज त्याच हद्दीत आहे. तरीही बोलणाऱ्याच्या मनात शहर म्हणजे पेठा. बाकी सारे त्याच्या भोवतीचे, बाहेरचे. वस्तुस्थिती बदलून गेल्यावरही भाषेत जुन्या रचनेचा ठसा कसा टिकून राहतो, याचे हे एक चांगले उदाहरण होय.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र हा वाक्प्रयोग नाही. विषय आहे तो असा की, चहूंकडे पसरलेल्या शहराने आपली सार्वजनिक वाहतूक वाढवावयाची तर ती कोठे वाढवावी. हा प्रश्न स्थापत्यशास्त्राचा किंवा नगररचनाशास्त्राचा आहे. त्यात भाषाशास्त्राच्या अध्यापकाने का पडावे, अशी शंका वाचकांना येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे की, ‘गावात जाणे’ या प्रयोगामागे जे चित्र आहे, तेच चित्र आपल्या वाहतुकीच्या नकाशामागेही आहे; आणि ‘मार्ग कोठे वाढवावा’ हा प्रश्न आपण ज्या शब्दांत विचारतो, त्या शब्दांतच त्याचे अपुरे उत्तर दडलेले आहे. ‘कोठे’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एखादे स्थळ येते. प्रवास मात्र एका स्थळी घडत नाही. तो दोन स्थळांच्या दरम्यान घडतो.

(१) शहराची वाढ

प्रथम वस्तुस्थिती थोडक्यात पाहू. पेठांचे जुने शहर आणि त्याच्या पूर्वेस इंग्रजी अमदानीत वसलेले लष्कर, ही पुण्याची मूळ दोन अंगे. १९५० मध्ये पुणे महानगरपालिका स्थापन झाली आणि त्याच वर्षी तिची स्वतःची बससेवा, म्हणजे पी. एम. टी., सुरू झाली. त्या काळी शहराला एक मध्य होता आणि बहुतेक प्रवास त्या मध्याकडे किंवा मध्यापासून होत असे. मध्यातून बाहेर जाणाऱ्या अऱ्यांप्रमाणे मार्ग आखणे त्या काळी सर्वथा योग्यच होते.

पुढील काळात हे चित्र पालटले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील हजारो कुटुंबे बेघर झाली. त्यांच्यासाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. दुसरीकडे पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. त्यानंतर तेथे उद्योगांची वाढ इतकी झाली की १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र महानगरपालिका मिळाली. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून हिंजवडी, खराडी, हडपसर या परस्परांपासून दूर असलेल्या ठिकाणी संगणक-व्यवसायाची केंद्रे वाढली. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये आणखी तेवीस गावे पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. त्यांपैकी दोन पुढे वेगळी काढण्यात आली, परंतु वाघोली, धायरी, सूस, मांजरी यांसारखी मोठी वस्ती शहरात आली ती आलीच. २०११ च्या जनगणनेत पुण्याची लोकसंख्या ३१ लाखांवर आणि पिंपरी-चिंचवडची १७ लाखांवर होती.

तात्पर्य, शहराला आता एक मध्य राहिलेला नाही. अनेक मध्ये झाली आहेत. धायरीहून बाणेरला घरकामास जाणारी स्त्री, वाघोलीहून हडपसरला नोकरीस जाणारा तरुण, कात्रजहून खराडीला जाणारा पहारेकरी, यांपैकी कोणालाही ‘गावात’ काम नसते.

(२) नकाशाचे व्याकरण

आता मेट्रोच्या नकाशाकडे पाहावे. ६ मार्च २०२२ रोजी तिच्या पहिल्या दोन तुकड्यांवर वाहतूक सुरू झाली. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट हा उत्तर-दक्षिण मार्ग आणि वनाज ते रामवाडी हा पूर्व-पश्चिम मार्ग, असे सुमारे ३३ किलोमीटरांचे हे दोन मार्ग २०२४ मध्ये पूर्ण झाले. ते परस्परांस एकाच ठिकाणी छेदतात, ते म्हणजे शिवाजीनगरचे जिल्हा न्यायालय स्थानक. हिंजवडीहून येणाऱ्या सुमारे २३ किलोमीटरांच्या तिसऱ्या मार्गाचे टोकही तेथेच आणून जोडण्याची योजना आहे.

यानंतर मंजूर झालेल्या वाढींचा क्रम विशेष बोलका आहे. २०२३ मध्ये उत्तर टोक निगडीपर्यंत, २०२४ मध्ये दक्षिण टोक कात्रजपर्यंत, आणि जून २०२५ मध्ये पश्चिम टोक चांदणी चौकापर्यंत व पूर्व टोक वाघोलीपर्यंत नेण्यास मान्यता मिळाली. म्हणजे फुलीच्या चारही भुजा लांबल्या. फुली मात्र फुलीच राहिली. ‘विस्तार’ या शब्दाचा अर्थ येथे ‘लांबी’ असा घेतला गेला आहे.

या ठिकाणी आपणां सर्वांना परिचित असलेल्या एका दृष्टान्ताची आठवण होते. फेर्दिनां द सोस्यूर यांनी आपल्या व्याख्यानांत जिनीव्हाहून रात्री पॅरिसला निघणाऱ्या जलदगाडीचे उदाहरण दिले आहे. काल सुटलेली गाडी आणि आज सुटलेली गाडी यांची एंजिने निराळी, डबे निराळे, कर्मचारी निराळे; तरीही आपण त्यांना एकच गाडी म्हणतो. कारण गाडीचे गाडीपण तिच्या लोखंडात नसून तिची वेळ, तिचा मार्ग आणि इतर गाड्यांशी असलेला तिचा संबंध यांत असते. सोस्यूर यांना भाषेच्या घटकांविषयी सांगावयाचे होते. परंतु दृष्टान्ताचा मूळ विषय जो वाहतूक, त्यालाही हे तत्त्व तंतोतंत लागू पडते. एखाद्या स्थानकाचे मूल्य ते कोठे आहे यावर जितके ठरते, त्याहून अधिक ते कशाशी आणि किती वेळाने जोडलेले आहे यावर ठरते.

नगररचनेच्या अभ्यासकांनी हाच विचार आपल्या परिभाषेत मांडला आहे. वॉल्टर हॅन्सन यांनी १९५९ मधील आपल्या निबंधात ‘सुगमता’ ही कल्पना मोजता येईल अशा रूपात पुढे आणली. एखाद्या ठिकाणाहून किती संधी आणि किती सायासाने हाती येऊ शकतात, ते त्या ठिकाणच्या सुगमतेचे माप. या मापाने पाहता ‘किती किलोमीटर मार्ग बांधला’ हा प्रश्न दुय्यम ठरतो. खरा प्रश्न असा की, धायरीत राहणाऱ्या स्त्रीला एका तासात किती घरी, किती कचेऱ्यांत, किती शाळांत आणि किती रुग्णालयांत पोहोचता येते.

(३) अरा आणि जीवा

आता दोन साध्या गणितांचा विचार करू. पहिले अंतराचे. समजा, शहर वर्तुळाकार आहे आणि मध्यापासून दहा किलोमीटरांवर दोन उपनगरे आहेत. त्यांच्या दिशांमध्ये साठ अंशांचा कोन आहे. एका उपनगरातून दुसऱ्यात जाणारा प्रवासी मध्यातून गेला तर त्यास वीस किलोमीटर पडतात. परिघाच्या कंसाने गेला तर साडेदहा किलोमीटर पुरतात. सर्वसाधारण नियम असा निघतो की, दोन दिशांतील कोन सुमारे ११५ अंशांहून कमी असेल तोवर परिघाची वाट जवळची. त्याहून अधिक असेल तर मध्यातली वाट जवळची. आणि सरळ जीवेसारखा आडवा रस्ता मिळाला तर तो कंसाहूनही जवळचा. म्हणजे शहराच्या बाहेरील कोणत्याही ठिकाणाच्या दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २३० अंश, अर्थात परिघावरील निम्म्याहून अधिक वस्ती, अशी असते की तिच्याकडे मध्यातून जाणे हा वळसा ठरतो.

या दृष्टीने एक जुने उदाहरण पाहण्याजोगे आहे. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर या मार्गावर बसगाड्यांसाठी स्वतंत्र पट्टा राखण्याचा प्रयोग झाला. कात्रज स्वारगेटच्या दक्षिणेस आणि हडपसर पूर्वेस. म्हणजे दोन अऱ्यांमधील कोन जवळजवळ काटकोन. ज्यास स्वारगेटला उतरावयाचे त्याची त्यात सोय होती. ज्यास कात्रजहून हडपसरला जावयाचे त्याला कोंढव्यावरून जाणारी आडवी वाट जवळची. परंतु राखीव पट्ट्याचा मान अऱ्यांना मिळाला, जीवेला नाही.

अऱ्यांच्या रचनेत आणखी एक दोष असतो. अरा जितका लांबवावा तितके बाहेरचे प्रवासी त्यात भरतात. त्यांचा सर्व भार मध्याजवळच्या शेवटच्या तुकड्यावर पडतो. सकाळी गाडी आत येताना तुडुंब आणि बाहेर जाताना रिकामी. सायंकाळी याच्या उलट. आडव्या मार्गावर मात्र चढणारे आणि उतरणारे ठिकठिकाणी असतात. तीच जागा एका फेरीत दोनतीन जणांच्या उपयोगी पडते आणि दोन्ही दिशांस गाडी बऱ्यापैकी भरलेली राहते. तेव्हा आडवा मार्ग हा केवळ प्रवाशाच्या सोयीचा नव्हे, चालविणाऱ्याच्याही हिताचा असतो.

(४) थांब्यावरील वेळ

दुसरे गणित वेळेचे. समजा, एका भागासाठी बारा बसगाड्या उपलब्ध आहेत आणि प्रत्येक फेरीस एक तास लागतो. लोकप्रतिनिधींच्या मागणीनुसार बारा वस्त्यांना बारा स्वतंत्र, थेट मार्ग दिले, तर प्रत्येक मार्गावर तासाला एक गाडी मिळते. सहज थांब्यावर गेलेल्या माणसास सरासरी अर्धा तास उभे राहावे लागते. त्याच बारा गाड्या चार मार्गांवर घातल्या तर प्रत्येक मार्गावर दर वीस मिनिटांनी गाडी येते आणि सरासरी प्रतीक्षा दहा मिनिटांची होते. वाटेत एकदा गाडी बदलावी लागली तरी दोन्ही प्रतीक्षा मिळून वीसच मिनिटे होतात. अर्थात काहींना थांब्यापर्यंत अधिक चालावे लागते, ही या रचनेची किंमत आहे आणि ती लपवू नये. परंतु एका थेट, विरळ मार्गापेक्षा परस्परांस छेदणारे थोडे आणि वारंवारचे मार्ग अधिक लोकांना अधिक ठिकाणी नेतात, हे त्यातून स्पष्ट होते.

हर्बर्ट मोहरिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये या विचाराची दुसरी बाजू दाखविली. एखाद्या मार्गावर प्रवासी वाढले की गाड्या वाढवाव्या लागतात. गाड्या वाढल्या की जुन्या प्रवाशांचीही प्रतीक्षा कमी होते. रस्त्यावर एक मोटार वाढली की इतर सर्वांचा खोळंबा वाढतो. बसला एक प्रवासी वाढला की कालांतराने इतरांचा खोळंबा घटतो. सार्वजनिक वाहतुकीस सार्वजनिक पैसा का द्यावा, याचे एक सबळ कारण यात आहे.

गाडी बदलणे मात्र सुसह्य असावयास हवे, आणि ते वेळापत्रकावर अवलंबून असते. सोस्यूर यांच्याच देशाचे उदाहरण येथे देता येईल. स्वित्झर्लंडने १९८२ मध्ये देशभर ठरावीक अंतराने गाड्या सोडणारे वेळापत्रक अमलात आणले. १९८७ च्या सार्वमतात मान्य झालेल्या ‘रेल्वे २०००’ या योजनेत तर आधी वेळापत्रक ठरविले गेले आणि त्या वेळापत्रकास आवश्यक तेथेच नवे रूळ घातले गेले. प्रथम संबंध, मग वस्तू, असा हा क्रम आहे. आपल्याकडे तो बहुधा उलटा असतो.

(५) पोहोच की उपयोग

येथवरच्या विवेचनावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. ज्या मार्गांवर पुष्कळ प्रवासी मिळतील तेच वाढवावयाचे ठरविले, तर नव्याने समाविष्ट झालेल्या गावांनी काय करावे? होळकरवाडी किंवा नांदोशी येथे वस्ती विरळ. तेथे दर दहा मिनिटांनी बस जाऊ शकत नाही. परंतु तेथील वृद्ध, विद्यार्थी, वाहन नसलेली स्त्री यांना ती सर्वांत अधिक हवी असते, आणि महानगरपालिकेचा कर तेही भरतातच.

हा आक्षेप खोटा नाही. खरे पाहता येथे दोन भिन्न उद्दिष्टे आहेत. सर्वत्र थोडे थोडे पोहोचणे हे एक. जास्तीत जास्त लोकांच्या उपयोगी पडणे हे दुसरे. त्यांस आपण ‘पोहोच’ आणि ‘उपयोग’ म्हणू. निधी मर्यादित असल्यामुळे एकासाठी दिलेली गाडी दुसऱ्यासाठी मिळत नाही. जॅरेट वॉकर या वाहतूकतज्ज्ञाने आपल्या लेखनात हा भेद विशेष आग्रहाने मांडला आहे. त्यांपैकी कोणते निवडावे हे गणित सांगू शकत नाही. तो मूल्यांचा प्रश्न आहे, आणि म्हणून तो समाजाने उघडपणे सोडविला पाहिजे.

अमेरिकेतील ह्यूस्टन शहराने हे करून पाहिले. टेक्सास राज्यातील हे शहर पसरटपणासाठी प्रसिद्ध आहे. सुमारे तेवीस लाख वस्ती सोळाशेहून अधिक चौरस किलोमीटरांवर विखुरलेली. तेथील बसमार्ग दशकानुदशके मध्यवर्ती भागाकडे धाव घेत होते. तेथील वाहतूक मंडळाने प्रथम असा निर्णय घेतला की, चालविण्याच्या खर्चापैकी ८० टक्के उपयोगासाठी आणि २० टक्के पोहोचीसाठी राखावे. मग त्या प्रमाणानुसार जवळजवळ सर्व मार्ग नव्याने आखले. १६ ऑगस्ट २०१५ रोजी एका दिवसात जुना नकाशा जाऊन नवा अमलात आला. त्यात परस्परांस छेदणारे, वारंवार गाड्या असलेले आडवे-उभे मार्ग जाळीप्रमाणे मांडलेले होते आणि शनिवारी-रविवारीही सेवा बरीच वाढली होती. ह्यूस्टनने लावलेले प्रमाण पुण्याने जसेच्या तसे घ्यावे असे येथे सुचवावयाचे नाही. घेण्याजोगी गोष्ट ही की, तेथे प्रमाण आधी ठरले, ते जाहीर झाले, आणि नकाशा त्यातून निघाला. प्रमाण ठरलेले नसले म्हणजे पोहोचीच्या नावाखाली उपयोग दुबळा होतो आणि उपयोगाच्या नावाखाली पोहोच नाकारली जाते; शेवटी दोन्हीही साधत नाहीत.

(६) मग मार्ग कोठे वाढवावा?

पुण्याची भूमी ह्यूस्टनप्रमाणे सपाट नाही, हे ध्यानात घेतलेच पाहिजे. मुळा, मुठा आणि पर्वती, वेताळ टेकडी यांसारख्या टेकड्यांनी शहराचे खंड पाडले आहेत. अरे खोऱ्यांतून सहज निघतात. आडव्या मार्गास पूल लागतो किंवा टेकडीला वळसा घालावा लागतो. टोके लांबविण्यामागेही तथ्य नाही असे नाही. कात्रज किंवा वाघोली येथील वस्ती इतकी दाट झाली आहे की तिला लोहमार्ग मिळणे न्याय्यच आहे. आक्षेप टोके वाढविण्याला नसून, फक्त टोकेच वाढविण्याला आहे.

आडव्या जोडीची कल्पना पुण्याला अपरिचितही नाही. १९८७ च्या विकास आराखड्यातच शहराभोवती फिरणाऱ्या सार्वजनिक वाहतुकीच्या एका वर्तुळाकार मार्गाची आखणी होती, एच. सी. एम. टी. आर. या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. पुढील काळात तिच्यात खाजगी मोटारींसाठी उन्नत रस्त्याची भर पडली, खर्चाचे आकडे वाढले आणि मूळ वर्तुळ कागदावरच राहिले. याउलट नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या मार्गांत एक आशादायक गोष्ट दिसते. खराडी–हडपसर–स्वारगेट–खडकवासला आणि नळस्टॉप–वारजे–माणिकबाग असे ते मार्ग आहेत. त्यांतील खराडी ते हडपसर हा तुकडा आणि कर्वे रस्त्याच्या बाजूस सिंहगड रस्त्याशी जोडणारा वारज्याचा तुकडा, हे दोन्ही खऱ्या अर्थाने आडवे आहेत. एवढ्या मोठ्या योजनेत त्यांची लांबी थोडी. तरी नकाशाचे व्याकरण बदलू लागल्याची ती खूण आहे.

परंतु मेट्रोचा मार्ग पुरा होण्यास वर्षे लागतात, आणि बसचा मार्ग एका वेळापत्रकाने बदलता येतो. पी. एम. टी. आणि पिंपरी-चिंचवडची बससेवा २००७ मध्ये एकत्र आल्या, त्यामुळे दोन्ही शहरांना मिळून एकच जाळे विणण्याची सोय आधीच झाली आहे. तेव्हा क्रम असा असावा असे वाटते. प्रथम, नवा मार्ग जुन्या मार्गांना किती ठिकाणी छेदतो हे पाहावे. ज्याचे छेद अधिक, त्याला अग्रक्रम द्यावा. या कसोटीवर कात्रज–कोंढवा–हडपसर, हडपसर–मुंढवा–खराडी, धायरी–वारजे–चांदणी चौक–बाणेर या आडव्या मार्गांचा विचार आधी करावा लागेल. दुसरे, ज्या मार्गावर निदान पंधरा मिनिटांनी गाडी देता येत नाही त्याची लांबी वाढवून उपयोगाच्या खात्यात दाखवू नये. तो पोहोचीचा मार्ग आहे असे स्पष्ट म्हणावे आणि तसाच तो निष्ठेने चालवावा. तिसरे, दोन मार्ग छेदतात ते ठिकाण हेच जाळ्याचे मर्मस्थान समजून तेथे सावली, प्रकाश, सुरक्षित रस्ता ओलांडण्याची सोय आणि एकच तिकीट यांवर प्रथम खर्च करावा. जेथे गाडी बदलण्याची भीती वाटते तेथे जाळे असून नसल्यासारखे होते. आणि ही भीती रात्रीच्या वेळी स्त्रियांना सर्वांत अधिक वाटते.

आमच्या विभागातील चर्चासत्र सायंकाळी साडेपाचास सुरू होते. सहा वाजून गेले की मागच्या बाकांवरील दोघेचौघे हळूच वह्या मिटू लागतात. विषयाविषयी अनास्था हे त्याचे कारण नव्हे. कोणास वाघोलीस पोहोचावयाचे असते, कोणास धायरीस, कोणास उरुळीस. आणि प्रत्येकास गाड्या बदलत जावयाचे असते. चर्चा रंगात येते ती नेमकी ते उठून गेल्यावर. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात अशा किती सायंकाळी त्यांच्या हातून जातात, याची नोंद कोणत्याही प्रगतिपुस्तकात होत नाही. शहराच्या नकाशावर जी जोड नसते, ती अशा रीतीने माणसाच्या शिक्षणात, नोकरीत आणि विश्रांतीत उणीव होऊन उतरते.

‘गावात जाणे’ हा प्रयोग पुढेही चालू राहील, आणि राहावा; भाषेला आपल्या आठवणी जपण्याचा अधिकार आहे. वाहतुकीच्या नकाशाला मात्र तो अधिकार नाही. त्याने आज कोण कोठून कोठे जातो एवढेच पाहावयाचे असते. म्हणून ‘मार्ग कोठे वाढवावा’ या प्रश्नाऐवजी ‘कोणत्या दोन ठिकाणांमधील अंतर आज विनाकारण मोठे आहे’ असा प्रश्न आपण विचारू लागलो, तर उत्तर शोधणे पुष्कळसे सुकर होईल.